वॉटर सेपरेटर ठेवा, पण बुडाचा कॉक आधी बदला

जुन्या ट्रकवर पैसे घालायचे म्हटलं की बहुतेकांचा हात आधी पंपाच्या फ्युएल स्क्रूकडे जातो, नाहीतर मोठ्या टर्बोकडे. मी ते पैसे वॉटर सेपरेटरला, म्हणजे डिझेलमधलं पाणी वेगळं करणाऱ्या फिल्टरला घातले. गाडी 6 सिलिंडरची, यांत्रिक इनलाइन पंपाची (नोझलना दाबाने डिझेल देणारा मुख्य पंप). सेपरेटर 30 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), खाली पारदर्शक बाऊल, डोक्यावर हाताने दाबून डिझेल भरायचा, हवा काढायचा हँड प्रायमर, आणि जागा टाकी व फीड पंप (टाकीतून डिझेल ओढून मुख्य पंपाला देणारा छोटा पंप) यांच्यामध्ये. आता कित्येक महिने तो रोज लोडवर चालतोय, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी तक्रार, कारण तिनेच मला सगळ्यात जास्त छळलं. बाऊलच्या बुडाला पाणी काढायचा जो कॉक आहे, तो प्लास्टिकचा आहे. एवढ्या जाड ओतीव हेडखाली हा असला कॉक का दिला, हे मला अजून पटलेलं नाही.

सुरुवात अशी झाली. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी एका सेल्फला उठायची, दोन-तीन सेकंद चालायची आणि बंद पडायची. मग बॅटरी बसेपर्यंत सेल्फ मारत राहा. प्रायमर दाबून एअर काढली की दिवसभर काही तक्रार नाही. दुसऱ्या दिवशी मागचे पाढे पंचावन्न. गॅरेजमध्ये आधी नोझलवर बोट ठेवलं, मग थेट "मुख्य पंप उतरवू, कॅलिब्रेशन करून घेऊ", म्हणजे पंपाची डिझेलची मात्रा तपासून जुळवू, इथपर्यंत गोष्ट गेली. मी पंप उतरवू दिला नाही. पंपात दोष असता तर गरम इंजिनलाही गाडीने त्रास दिला असता, आणि कॅलिब्रेशनचा खर्च अंदाजावर करायचा नसतो.

दोष शोधायची रीत साधी आहे. फीड पंपाच्या इनलेटला तात्पुरती पारदर्शक नळी लावा आणि इंजिन चालू ठेवून बघा. माझ्या नळीत मोहरीएवढे बुडबुडे एकामागे एक सरकताना दिसत होते. मग सेपरेटर वगळून वर ठेवलेल्या कॅनमधून डिझेल दिलं. बुडबुडे बंद, आणि दुसऱ्या सकाळी गाडी पहिल्या सेल्फला उठून चालू राहिली. कॉक उघडून पाहिला तर आतली रबरी रिंग एका बाजूने चपटी झालेली, आणि प्लास्टिकच्या बैठकीवर नखाला लागेल एवढा ओरखडा.

विक्रेत्याकडे गेलो तर उत्तर मिळालं, "डिझेल गळत नाही ना, मग लीकेज कसलं?" खरा संताप मला इथे आला. फीड पंप टाकीतून डिझेल ओढतो, म्हणजे त्याच्या आधीच्या लाइनमध्ये इंजिन चालू असताना बाहेरच्या हवेपेक्षा दाब कमी असतो. तिथल्या फटीतून डिझेल बाहेर यायच्या आधी हवा आत जाते. गाडी उभी राहिली की तीच हवा वर चढते आणि लाइनमधलं डिझेल टाकीकडे उतरतं. सेपरेटर विकणाऱ्याला एवढं माहीत असायलाच हवं. सुटी रिंग मिळणार नाही, पूर्ण युनिट घ्या, असंही वर ऐकवलं. मी युनिट घेतलं नाही. त्याच आट्याचा पितळी कॉक आणि व्हायटॉनची (डिझेलला टिकणाऱ्या रबराची) रिंग बाहेरून मिळवून बसवली. बाऊलचे आटे प्लास्टिकचेच आहेत, म्हणून पितळी कॉक हातानेच आवळायचा, पान्याचा जोर लावायचा नाही. आउटलेटच्या जोडाला टेफ्लॉन टेप गुंडाळू नका. त्याचा तुकडा सुटला तर तो सरळ फीड पंपात जातो. तांब्याचे वॉशर मात्र नवेच घाला.

तोवर माझं मत "काढून टाकावा" असंच होतं. ते बदललं, कारण कॉक बदलल्यावर पहिल्यांदा बाऊल नीट रिकामा केला. काचेच्या बरणीत घेतलं तेव्हा तळाला बोटभर गंजकट पाणी, वर डिझेल, आणि दोघांच्या मधोमध काळसर, चिकट साय. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथेच वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांची ती घाण. अर्धी रिकामी टाकी रात्री गार झाली की आतल्या हवेतला दमटपणा पाणी होऊन तळाला बसतो. तेच हे पाणी. ते मुख्य पंपात गेलं असतं तर? त्यातल्या एलिमेंटचा, म्हणजे डिझेल दाबणाऱ्या जोडीचा, प्लंजर (दांडा) आणि बॅरल (त्याची नळी) यांच्यातली जागा काही मायक्रॉनचीच असते, आणि त्यांना वंगण डिझेलचंच. गंधक काढताना डिझेलचा नैसर्गिक वंगणगुण कमी होतो, म्हणून युरोपच्या डिझेलसाठीच्या ईएन 590 मानकात, चाचणीत डिझेलमध्ये धातू घासल्यावर पडणारा झिजेचा डाग 460 मायक्रॉनपर्यंतच चालतो अशी मर्यादा घातली आहे. तशा डिझेलात पाणी मिसळलं की जुन्या पंपाचं आयुष्य संपलंच समजा. बरणीतलं ते पाणी बघितलं आणि सेपरेटरचे पैसे वसूल झाले.

जागेबद्दलही ठाम सांगतो: सेपरेटर फीड पंपाच्या आधीच हवा. पंपातून गेल्यावर पाण्याचे थेंब फुटून बारीक होतात आणि मग ते वेगळे करणं अवघड जातं. मात्र ओढीच्या बाजूला 2 मायक्रॉनचं बारीक फिल्टर लावायचा मोह टाळा. फीड पंपाचा दम कोंडतो आणि चढावर गाडी मार खाते. बारीक गाळणं मुख्य फिल्टरवर सोडा.

प्रायमर चांगला आहे, बाऊल पिवळट पडलाय पण आतलं दिसतं, फिल्टर बदलायला सोपं. मायलेजमध्ये मला फरक दिसला नाही, आणि तसा दावा कोणी केला तर विश्वास ठेवू नका.

पाणी काढायचं ते गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, सेल्फ मारायच्या आधी. इंजिन चालू असताना कॉक उघडलात तर पाणी पडण्याऐवजी हवाच आत जाईल. वरचा एअर स्क्रू थोडा सैल करा, खाली भांडं धरा, निखळ डिझेल यायला लागलं की कॉक बंद करा, स्क्रू आवळा आणि प्रायमर कडक लागेपर्यंत दाबा. एक जादा रिंग केबिनमध्ये ठेवा.