‘जपानी’ लॉनमध्ये उगवलेल्या दूर्वा

गणपतीच्या दिवशी सकाळी माझी मुलगी पूजेसाठी दूर्वा घेऊन आली. कुठून आणल्यास विचारलं, तर म्हणाली, ‘आपल्याच लॉनमधून.’ त्या लॉनसाठी जूनमध्ये आम्ही 40,500 रुपये मोजले होते, आणि ते ‘जपानी हायब्रिड’ गवत असल्याचं आम्हाला सांगण्यात आलं होतं.

आमचं घर आर. के. नगरात. पुढची 600 चौरस फुटांची हिरवळ सासऱ्यांनी हौसेने केलेली, पण चार-पाच वर्षांत ती लव्हाळा नावाच्या चिवट तणाने पार खाल्ली. ओळखीतून बागकामाचा एक ठेकेदार आला. त्याच्या ट्रेमधला नमुना खरंच देखणा होता, बारीक आणि दाट. ‘वैनी, हे एकदा टाकलं की तण डोकंच वर काढत न्हाई बघा.’ कार्पेट, म्हणजे मुळांसकट आणून अंथरायचे गवताचे तयार तुकडे, 45 रुपये चौरस फुटाने 27,000 आणि लाल माती 3 ब्रासचे 13,500. सगळे पैसे आधी घेतले. बिल मागितलं तर ‘काम झाल्यावर देतो.’ मी ऐकलं, तिथेच चुकलं.

काम चालू असताना मी समोरच होते, पण काय बघायचं हे माहीत नव्हतं. माणसांनी आधी जुनं गवत खुरप्याने वरवर तासलं, मग उघड्या मातीवर तणनाशक मारलं. डब्यावर ग्लायफोसेट लिहिलेलं होतं. ते हिरव्या पानांतून शिरतं आणि मुळांपर्यंत उतरायला आठवडा-दोन आठवडे घेतं. मातीवर पडलं की निकामी होतं. पानंच तासल्यावर ते शिरणार कुठून? दुसऱ्याच दिवशी वर माती आणि कार्पेट. लव्हाळ्याच्या गाठी जमिनीत माळेसारख्या जोडलेल्या असतात. वरून ओढला की माळ तुटते, गाठ खालीच राहते आणि नवा कोंब काढते. आमच्या जमिनीतली एकही गाठ त्यांनी काढली नव्हती. तीन आठवड्यांत त्रिकोणी दांड्याचे चकचकीत कोंब कार्पेट फोडून वर आले.

मातीचा हिशेब मी उशिरा केला, तुम्ही आधी करा. 1 ब्रास म्हणजे 100 घनफूट. 600 चौरस फुटांवर 3 ब्रास पसरली, तर सहा इंचांचा थर बसायला हवा. मी पाच ठिकाणी खणलं. लाल माती जेमतेम दोन इंच, खाली आमचीच काळी. माती दबते हे धरलं तरी उरलेली गेली कुठे? ट्रॉली रिकामी व्हायच्या आत लांबी, रुंदी, उंची टेपने मोजून घ्या.

दूर्वांचं कोडं एका जुन्या माळीबुवांनी उलगडलं. नमुन्यातलं गवत कोरियन असावं, त्याचा तुरा एकच सरळ असतो. आमच्याकडे हाताच्या बोटांसारखे चार-पाच फाट्यांचे तुरे होते. म्हणजे साधी हरळी, हीच आपली दूर्वा. उन्हात हरळीचीही छान लॉन होते, पण दुसऱ्या नावाने आणि दुसऱ्या भावाने विकणं ही फसवणूकच. त्यांनी कार्पेटचा एक तुकडा उलटून दाखवला, तर त्याच्या मुळांतही लव्हाळ्याच्या गाठी! माल उतरवतानाच पाच-सहा तुकडे उलटून बघितले असते तर तेव्हाच कळलं असतं.

ठेकेदार आधी ‘पावसाळा हाय, थांबा जरा’ म्हणायचा, मग फोन उचलणं बंद. बिल नाही, तरी मोबाइलवरून पैसे दिल्याची नोंद आणि ‘जपानी हायब्रिड, 3 ब्रास’ असा त्याचा मेसेज माझ्याकडे होता. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर बोलले आणि जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दिली. तक्रारीला 2 वर्षांची मुदत असते, आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही.

निकाल अजून लागायचा आहे. मे महिन्यात अंगण फूटभर खणून माती उन्हात तापवायची, पाणी देऊन उगवेल तो लव्हाळा गाठीसकट काढायचा, असं दोन-तीनदा करायचं ठरवलंय. तोवर सासरे सकाळी कडेच्या फरशीवरूनच फेऱ्या मारतात.