पहिला बिनखटक्याचा चाकू कोणता घ्यावा: ब्रॅडफर्ड, टायटसव्हिल, शेफील्ड की इबाख?

उघडलेले पाते जागेवर अडकवून ठेवणारा खटका ज्या चाकूला नसतो, केवळ पाठीच्या पोलादी पट्टीच्या, म्हणजे स्प्रिंगच्या, दाबावर ज्याचे पाते उघडे राहते आणि बोटाने पुरेसा जोर दिला की मिटते, त्या घडीच्या चाकूला स्लिप जॉइंट म्हणतात. मी त्याला बिनखटक्याचा चाकू म्हणतो, कारण खटक्याचा चाकू म्हणजे काय हे 'रामपुरी'मुळे आपल्याकडे कोणाला वेगळे सांगावे लागत नाही. या व्याख्येत न बसणारे दोन लोकप्रिय चाकू आधीच बाजूला ठेवतो. फ्रान्सच्या ओपिनेलला १९५५ पासून पाते अडकवणारे फिरते कडे आहे, आणि जपानच्या हिगोनोकामीला पाठीची स्प्रिंगच नसते.

तुलनेसाठी चार चाकू घेतले आहेत. पहिला अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या ब्रॅडफर्ड गावी बनणारा केस कंपनीचा मध्यम आकाराचा तीन पात्यांचा 'स्टॉकमन', दुसरा त्याच राज्यातल्या टायटसव्हिलच्या ग्रेट ईस्टर्न कटलरीचा एका पात्याचा 'बार्लो', तिसरा इंग्लंडमधल्या शेफील्डचा 'लॅम्बफूट' आणि चौथा स्वित्झर्लंडमधल्या इबाख गावच्या व्हिक्टोरिनॉक्सचा ॲल्युमिनियमच्या मुठीचा 'पायोनियर'. नवा संग्राहक आधी मुठीचा रंग पाहतो, मग पोलादाचे नाव वाचतो आणि स्प्रिंगचा विचार चाकू हातात आल्यावर करतो. माझा आग्रह असा आहे की हा क्रम उलटा असावा, कारण मूठ आणि पोलाद कंपनीच्या पत्रकात वाचता येते, पण चाकू रोज हातात घ्यावासा वाटेल की पेटीत पडून राहील हे स्प्रिंगच ठरवते.

म्हणून स्प्रिंगपाशी थोडे थांबू. पात्याच्या मुळाशी, मुठीत दडलेला जो जाड भाग असतो, त्याला आपण बुडखा म्हणू. हा बुडखा स्प्रिंगच्या टोकावर घासत फिरतो. खाचेत नख घालून पाते ओढले की स्प्रिंग आधी विरोध करते, बुडख्याचा कोपरा तिच्यावरून सरकताना ती किंचित उचलली जाते, आणि कोपरा पार झाला की पाते पुढचे अंतर स्वतःच कापून 'टक्क' असा आवाज करत थांबते. बुडखा चौकोनी घडवलेला असेल तर पाते काटकोनातही एकदा थबकते, आणि मिटताना बोटे वाचवायला हा अर्धा थांबा फार उपयोगी पडतो. चांगल्या चाकूत पाते मिटलेले, अर्धे उघडलेले आणि पूर्ण उघडलेले अशा तिन्ही स्थितींत स्प्रिंगची पाठ बाजूच्या पट्ट्यांशी समतल राहते. अंगठा पाठीवरून फिरवला की नखाला पायरी लागता कामा नये.

या कसोटीवर टायटसव्हिलचा चाकू सर्वांत पुढे आहे. त्याचा आवाज भरीव असतो, पाठ एकसंध लागते आणि उघडलेले पाते डुगडुगत नाही. मात्र याच कारखान्याच्या काही नमुन्यांची स्प्रिंग इतकी ताठ असते की ओले किंवा मऊ नख खाचेतून सटकते, त्यामुळे ज्यांच्या बोटांत संधिवात आहे त्यांनी हा चाकू हाताळल्याशिवाय घेऊ नये. ब्रॅडफर्डच्या स्टॉकमनची स्प्रिंग मऊ आहे आणि ती बहुतेकांना पेलते. त्याची खरी अडचण जागेची आहे. तीन पाती आणि दोन स्प्रिंगा एका अरुंद मुठीत बसवायच्या, तर पाती मुळाशी किंचित वाकवावी लागतात, म्हणजे मिटताना ती एकमेकांच्या अंगावरून न घासता जातात. हे वाकवणे नीट साधले नसेल तर दोन पाती एकमेकांना घासून चरे पाडतात. माझ्या दोन स्टॉकमनांपैकी एकात हा दोष आहे, दुसऱ्यात नाही.

शेफील्डचे चाकू आजही बऱ्याच अंशी हाताने बसवले जातात आणि एकाच खोक्यातून निघालेले दोन चाकू सारखे नसतात. एकाची पाठ आरशासारखी समतल असते, दुसऱ्यात स्प्रिंग आणि पितळी पट्टी यांच्यामधून उजेड दिसतो. पायोनियरमध्ये असा प्रश्न येत नाही, कारण तो यंत्रावर इतक्या काटेकोरपणे जुळवलेला असतो की त्याचे दहा नग एकामागून एक उघडले तरी हाताला फरक जाणवत नाही. संग्राहकांपैकी काहींना हे निर्जीव वाटते. मला तसे वाटत नाही, इतका सारखेपणा साधणे हेही कसबच आहे.

पोलादाचा निर्णय तुम्ही कुठे राहता यावर घ्यावा. ज्यांच्या घरी लोखंडी विळी होती त्यांना कार्बन पोलादाचा स्वभाव वेगळा शिकवायला नको. कैरी चिरल्यावर विळी तशीच ओली ठेवली की पाते काळे पडायचे, आणि पुढच्या फोडीला लोखंडाचा वास यायचा. टायटसव्हिलचा बार्लो १०९५ जातीच्या पोलादाचा असतो, ज्यात सुमारे ०.९५ टक्के कार्बन असतो, आणि तो अगदी तसाच वागतो. नव्या चकचकीत पात्याने मी एक कैरी चिरली, तेव्हा तिच्या दहा-बारा फोडी होईस्तोवर धारेपासून वर निळसर करडी झाक चढू लागली होती. ही झाक गंज नव्हे. ती स्थिरावली की पात्याला काहीसे संरक्षणच मिळते. पण चामड्याच्या म्यानात ठेवलेला चाकू श्रावणात आठवडाभर कपाटात विसरला, तर त्याच पात्यावर तांबूस ठिपके उमटतात आणि घासून काढले तरी खोल व्रण राहतात. ही चूक माझ्या हातून झालेली आहे. चामडे ओल धरते, म्हणून कार्बनचा चाकू साठवताना म्यानाबाहेर, तेलाचा हात फिरवून ठेवावा.

केस कंपनी एकच साचा दोन पोलादांत देते. 'सीव्ही' म्हणजे क्रोम आणि व्हॅनेडियम मिसळलेले कार्बन पोलाद, आणि दुसरे 'ट्रू-शार्प' नावाचे न गंजणारे. दुसरे मऊ आहे, त्याची धार लवकर उतरते, पण साध्या निसण्यावर चार-सहा हात मारले की परत येते. पायोनियरचे पोलादही न गंजणारे आणि रॉकवेल मापनात सुमारे ५६ कठीण आहे. रत्नागिरी, वेंगुर्ले किंवा पणजीला राहणाऱ्याने पहिला चाकू न गंजणाऱ्या पोलादाचाच घ्यावा असे माझे स्पष्ट मत आहे. पुणे-सोलापूरच्या कोरड्या हवेत कार्बनला अडचण नाही.

धार लावण्याच्या सोयीत लॅम्बफूटला तोड नाही. त्याच्या पात्याची धार सरळ रेषेत असते आणि पाठ टोकाकडे उतरत येते, त्यामुळे निसण्यावर पाते आडवे ठेवून सरळ ओढले की संपूर्ण धार एकसारखी लागते. बाकदार पात्यात टोकाशी हात उचलावा लागतो, तो अंदाज इथे लागत नाही. धार लावायला शिकण्यासाठी याहून चांगला चाकू माझ्या माहितीत नाही.

मुठीच्या बाबतीत एक गोष्ट आपल्या मातीशी जोडलेली आहे. जुन्या शेफील्ड आणि अमेरिकन चाकूंवर जे सुरकुतलेले, कडेला तपकिरी आणि मध्ये पिवळसर पांढरे शिंग दिसते, ते पुष्कळदा भारतातल्या सांबराचे असते. सांबराचे शिंग आतून इतर हरणांच्या शिंगांपेक्षा घट्ट असल्यामुळे कारागिरांची त्याला पसंती होती. भारताने १९९० च्या दशकाच्या अखेरीस गळून पडलेल्या शिंगांचीही निर्यात थांबवली आणि तेव्हापासून परदेशात त्याचा भाव चढत गेला. आपल्याकडे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मुळे अशा शिंगाचा व्यापार करता येत नाही, म्हणून शिंगाच्या मुठीचा चाकू परदेशातून मागवू नये. खाचा पाडून रंगवलेले गुराचे हाड तितकेच देखणे असते आणि घामेजलेल्या हातात नीट धरता येते.

संग्रह म्हणून पाहिले तर चाकूवरचे शिक्के वाचण्यात जो आनंद आहे तो ब्रॅडफर्ड आणि टायटसव्हिल भरभरून देतात. केसच्या ६३१८ या क्रमांकात ६ म्हणजे खाचा पाडलेले हाड, ३ म्हणजे तीन पाती आणि १८ हा साचा. १९७० साली कंपनीने बुडख्यावर दहा ठिपके उमटवले आणि पुढे दरवर्षी एक कमी केला, त्यामुळे ठिपके मोजून त्या दशकातल्या चाकूचे वर्ष सांगता येते. ग्रेट ईस्टर्न २००६ साली सुरू झाली. तिच्या क्रमांकाचे पहिले दोन आकडे साच्याचे, चौथा पात्यांच्या संख्येचा आणि शेवटचे दोन वर्षाचे असतात. तिचे चाकू छोट्या खेपांत निघतात, लगेच संपतात आणि मग दुसऱ्या हाताने चढ्या भावात फिरतात. पायोनियरचा लष्करी भाऊ, म्हणजे १९६१ चा स्विस सैनिकी चाकू, २००८ पर्यंत बनत होता आणि त्याच्या बुडख्यावर वर्ष कोरलेले असते. कमी खर्चात वर्षांची माळ जमवायची असेल तर हा रस्ता उत्तम आहे. शेफील्डची परंपरा सर्वांत जुनी आहे. जोसेफ रॉजर्स या तिथल्या चाकू कंपनीची तारा आणि क्रूस ही खूण १६८२ सालची आहे. पण नव्या लॅम्बफूटवर वर्ष सांगणारी खूण सहसा नसते.

कायद्याचेही पाहावे. केंद्राच्या शस्त्र नियमांत परवान्याच्या कक्षेत येणारे पाते ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद असे सांगितले आहे, आणि हे चारही चाकू त्याच्या कितीतरी खाली आहेत. तरीही महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ नुसार निघणाऱ्या मनाई आदेशांत सुरे बाळगण्यावर बंदी असते, म्हणून सणासुदीच्या किंवा निवडणुकीच्या दिवसांत चाकू घरी ठेवावा. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी वाचकांना मात्र बिनखटक्याचा असण्याचा थेट फायदा आहे, कारण तिथे तीन इंचांपर्यंत धारेचा, न अडकणारा घडीचा चाकू विनाकारणही खिशात ठेवता येतो.

एकच चाकू घेऊन थांबायचे असेल तर पायोनियर घ्यावा. संग्रह करायचा हे पक्के असेल तर सीव्ही पोलादाचा (किनाऱ्यावर राहणाऱ्याने ट्रू-शार्पचा) स्टॉकमन आधी घ्यावा, त्यावर वर्षभर धार लावायला आणि पाते पुसायला शिकावे, आणि मग टायटसव्हिलकडे वळावे. पहिल्याच खरेदीत दुसऱ्या हाताच्या बार्लोसाठी दुप्पट भाव मोजणाऱ्याला चाकूपेक्षा त्याच्या किमतीचीच चिंता जास्त लागते. लॅम्बफूट शक्यतो ओळखीच्या माणसाकडून, हातात घेऊन निवडावा. तो टपालाने आलाच, तर खोके उघडल्याबरोबर चाकू खिडकीकडे धरून पट्टी आणि स्प्रिंग यांच्यामधून उजेड येतो का ते पाहावे, पाते तिन्ही स्थितींत नेऊन पाठीवर नख फिरवावे, उघडे पाते डावी-उजवीकडे हलवून बघावे, आणि परतीची मुदत संपण्याआधी निर्णय कळवावा. मी एकदा हे तीन दिवसांनी केले, आणि विक्रेत्याने दोन दिवसांचीच मुदत होती हे दाखवून दिले.