शेव्हरोले ३१०० चा पुढचा अ‍ॅक्सल: मूळ खुणेवर की मडगार्डच्या मध्यावर?

१९४७ ते १९५५ च्या सुरुवातीपर्यंतच्या अर्ध्या टनी शेव्हरोले पिकअपखालून आय-बीम, म्हणजे दोन्ही पुढची चाकं जोडणारा एकसंध, अ‍ॅक्सल आणि पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) काढून फोर्डच्या मस्टँग टू धाटणीचं, प्रत्येक चाक वेगळं हलू देणारं स्वतंत्र सस्पेन्शन बसवायचं ठरलं, की किट कोणतं घ्यावं यावर महिनाभर खल होतो. चाकाचा मध्य कुठे धरायचा, हे मात्र ऐन वेल्डिंगच्या दिवशी ठरतं. खरं तर चुकीचं किट बदलता येतं. वेल्ड केलेला क्रॉसमेंबर, म्हणजे सस्पेन्शन धरणारा चासीतला आडवा दांडा, दोन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) सरकवायचा म्हटला तर ग्राइंडर घेऊन बसावं लागतं.

मार्ग दोन. एक म्हणजे मूळ खूण, म्हणजे चाकाच्या मध्याची कारखान्यातली जागा, पाळायची आणि ११६ इंचांचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्यांतलं अंतर) जसाच्या तसा ठेवायचा. दुसरा म्हणजे पत्रा (कॅब, मडगार्ड वगैरे) चढवून, चाक मडगार्डच्या कमानीच्या मध्यावर आणून तिथे क्रॉसमेंबर धरायचा.

मूळ खुणेच्या बाजूने बरंच बोलता येईल. खूण चासीवर असते, आणि चासी पत्र्यापेक्षा भरवशाची. जुना अ‍ॅक्सल काढण्यापूर्वी गाडी समतल उभी करून हबच्या मध्यावरून ओळंबा सोडायचा, तो बिंदू चासीवर पंचाने ठोकून ठेवायचा. पाटे दबलेले असतील किंवा इंजिन उतरवलेलं असेल तर हा बिंदू थोडा फसवतो, कारण पाटा जसा सपाट होतो तसा अ‍ॅक्सल शॅकलच्या, म्हणजे पाट्याच्या हलत्या टोकाच्या, बाजूला सरकतो. म्हणून इंजिन जागेवर असतानाच माप घ्यावं. पूर्ण किट घेतलं असेल तर इंजिन माउंट आणि रेडिएटरची जागा बहुधा याच रेषेवर बेतलेली असते, हाही मोठा फायदा. आय-बीम ठेवून नुसते पाटे बदलणाऱ्याने तर फार विचार करू नये. सेंटर बोल्टचं भोक सरकवून अ‍ॅक्सल पुढे नेता येतो, पण मग पिटमन आर्म (स्टेअरिंग बॉक्सचा हात) मध्यावरून हलतो आणि त्याला चाकांशी जोडणाऱ्या ड्रॅग लिंकच्या लांबीशी खेळत बसावं लागतं.

मग अडचण कुठे येते? गाडी मूळ उंचीवर असते तोवर चाक कमानीच्या खाली राहतं आणि अर्धा-पाऊण इंच मागे असलं तरी कळत नाही. तीच गाडी चार इंच खाली आणली की टायर कमानीत शिरतो आणि मागची फट पुढच्यापेक्षा बारीक दिसू लागते. दिसण्याचं सोडून देऊ. स्टेअरिंग पूर्ण वळवून गाडी तिरकी उतारावर चढवली, की वळणाच्या बाहेरच्या बाजूच्या टायरचा खांदा कमानीच्या मागच्या कडेला लागतो. खर्रकन एक आवाज येतो आणि कडेचा रंग उडतो. यावर जे उपाय सुचतात त्यांतला एकही धड नाही. स्पेसर लावला तर चाक बाहेर येऊन जास्तच घासतं, स्टेअरिंगला स्टॉप लावला तर गाडी वळायला लॉरीएवढी जागा मागते, आणि उंची वाढवायची तर मग एवढा खटाटोप कशाला केला? माझा कल दुसऱ्या मार्गाकडे झुकला तो या एका घासण्यामुळे. रुंद टायर न घालणाऱ्याला कदाचित हे जाणवणारही नाही.

अ‍ॅक्सल इंचभर पुढे गेला तर चालवताना काही बिघडत नाही. पुढच्या चाकांवरचा भार एक टक्काही बदलत नाही. या सस्पेन्शनमध्ये स्टेअरिंगचा रॅक अ‍ॅक्सलच्या पुढे असतो, त्यामुळे रेडिएटर आणि क्रँक पुली यांच्याशी त्याचं अंतर मात्र आधी तपासावं. मूळ सहा सिलिंडरचं लांब इंजिन ठेवणाऱ्याने तर नक्कीच.

कष्ट आहेत ते माप घेण्यात. कॅब, रेडिएटर सपोर्ट, दोन्ही मडगार्ड आणि बॉनेट नव्या रबरांवर बसवून दरवाजाच्या फटी आधी जुळवाव्या लागतात. चासीला शेवटी जो कल द्यायचा आहे तोच द्यावा. पुढून दोन इंच खाली म्हणजे ११६ इंचांत जवळपास एक अंश, आणि क्रॉसमेंबर लागल्यावर नाक तेवढं खाली केलं तर कॅस्टरमधून, म्हणजे चाक ज्या अक्षावर वळतं त्याच्या मागच्या कलातून, तो अंश वजा होतो. स्प्रिंगऐवजी पट्टी लावून सस्पेन्शनचा खालचा आर्म आडवा धरायचा आणि जो टायर वापरणार तोच चढवायचा. पुढची-मागची फट हबच्या उंचीवर मोजायची, तशीच वर पंचेचाळीस अंशांवरही. कमान अर्धगोल नसते, त्यामुळे हे दोन मध्य जुळत नाहीत. खाली बसवलेल्या गाडीत वरचा मध्य धरावा.

डावा आणि उजवा मडगार्ड सहसा सारखे येत नाहीत. कधीतरी ठोकलेल्या गाडीत दोन-तीन सूत फरक सहज निघतो. अशा वेळी सरासरी काढायची, पण क्रॉसमेंबर गुण्यातच, म्हणजे चासीशी काटकोनात, राहिला पाहिजे. मागच्या ठरलेल्या भोकांपासून दोन्ही कर्ण मोजा. फरक एका सुताच्या आत हवा. त्याहून जास्त निघाला तर टाके (तात्पुरते वेल्ड) तोडा. पत्र्यातला उरलेला फरक मडगार्डच्या बोल्टखाली वॉशर घालून काढता येतो. मध्य मूळ खुणेपासून इंचापेक्षा लांब येत असेल तर मी पत्र्यावरच संशय घेईन.

आणि माप हबचं घ्या, क्रॉसमेंबरचं नको. बऱ्याच किटमध्ये दोन्ही एका रेषेत नसतात. टाके मारून झाल्यावर पत्रा पुन्हा एकदा चढवून बघा. उघडी सी-चॅनल चासी चौथ्या बाजूने पट्टी लावून पेटी करून घेतल्यावर, इंच-इंचाचे तुकडे बाजू बदलत वेल्ड करा. एका बाजूने सलग ओढलं तर तापलेली चासी स्वतःच सूतभर खेचली जाते.