टॉर्नेडोच्या पट्ट्यात हिरवं घर: सगळंच काँक्रीटचं, की लाकडी घरात एक काँक्रीटची खोली?

टॉर्नेडोच्या (जमिनीपर्यंत पोचणाऱ्या भीषण वावटळींच्या) पट्ट्यात घर बांधायचं आणि घराचा निसर्गावरचा भारही कमी ठेवायचा, असं ठरलं की फिरून फिरून दोनच पर्याय समोर उरतात. एक म्हणजे आयसीएफ: थर्माकोलचे पोकळ ठोकळे रचायचे, पोकळीत सळया आणि काँक्रीट भरायचं, आणि सगळ्या घराच्या भिंती तशाच करायच्या. दुसरा म्हणजे नीट बांधलेलं लाकडी सांगाड्याचं घर आणि त्याच्या मधोमध एकच भक्कम सुरक्षित खोली. मातीच्या कुशीतलं घर हा तिसरा, त्याच्याकडे नंतर येतो. ईएफ श्रेणी म्हणजे टॉर्नेडोच्या ताकदीचे 0 ते 5 टप्पे; सांगाडा कसा उभा राहतो, हे वाचणाऱ्याला ठाऊक आहे असं धरतो.

आधी घर कशासाठी टिकवायचं ते ठरवावं. बहुतेक टॉर्नेडो ईएफ-0 आणि ईएफ-1 मध्येच मोडतात, म्हणजे ताशी 177 किलोमीटरच्या आत. मोठ्या टॉर्नेडोच्या वाटेतही सर्वांत भयंकर वारा अरुंद पट्ट्यात असतो, कडेच्या घरांना त्याहून कमी झळ लागते. 1999 आणि 2013 असे दोन भीषण टॉर्नेडो झेललेल्या, अमेरिकेच्या ओक्लाहोमा राज्यातल्या मूर शहराने 2014 मध्ये नव्या घरांसाठी जे नियम केले, ते ताशी 217 किलोमीटर वारा धरून, म्हणजे ईएफ-2 ची वरची हद्द. सुरक्षित खोलीचं मानक मात्र सर्वांत धोक्याच्या भागात ताशी 402 किलोमीटर धरतं. वेग दुप्पटही नाही, पण दाब वेगाच्या वर्गाने वाढतो: पहिल्यात चौरस मीटरला साधारण 225 किलो, दुसऱ्यात 780. घर 217 साठी आणि माणसं 402 साठी, ही विभागणी पटली तर पुढचं बरंच सोपं होतं. पटली नाही, तर सगळं घर 402 साठी बांधावं लागेल, आणि मग 'हिरवं' हा शब्द जरा जपून वापरावा लागेल.

भिंतीपुरतं बोलायचं तर आयसीएफला तोड नाही. मध्ये 15 सेंटिमीटर काँक्रीट, दोन्ही अंगांना साडेसहा सेंटिमीटर थर्माकोल. उडत्या ढिगाऱ्याच्या चाचणीत 6.8 किलोची लाकडी फळी ताशी 161 किलोमीटर वेगाने भिंतीवर मारतात. आयसीएफमध्ये ती थर्माकोलात रुतते आणि काँक्रीटपाशी थांबते. साध्या लाकडी भिंतीतून ती आरपार जाते, बाहेरून विटांचा एक थर लावलेला असला तरी. शांतता आणि हवाबंदपणाही आयसीएफमध्ये जवळजवळ आपोआप मिळतो. लाकडी घरात हवाबंदपणासाठी प्रत्येक सांध्याला चिकटपट्टी लावत बसावं लागतं.

उष्णतारोधनात मात्र सांगितलं जातं तेवढं अंतर नाही. 14 सेंटिमीटरच्या सांगाड्यात कागदाच्या लगद्याचं सेल्युलोज दाबून भरलं आणि बाहेरून 4 सेंटिमीटर लाकडी तंतूंचे बोर्ड लावले, तर गणितात दोन्ही भिंती जवळपास सारख्याच उतरतात. काँक्रीटच्या वस्तुमानाचा (उष्णता साठवून खोलीचं तापमान स्थिर ठेवण्याचा) फायदाही आयसीएफमध्ये अर्धाच, कारण ते आतल्या थर्माकोलमुळे खोलीपासून तुटलेलं असतं.

फरक पडतो तो सिमेंटमध्ये. दारं-खिडक्या वजा करून 150 चौरस मीटर भिंत धरली तर आयसीएफला साडेबावीस घनमीटर काँक्रीट लागतं. आतून 2.4 बाय 2.4 मीटरच्या सुरक्षित खोलीला, 20 सेंटिमीटर भिंती आणि वरचा स्लॅब धरून, साडेसहा. घनमीटरला 300 किलो सिमेंट धरलं तर पावणेसात टन विरुद्ध दोन टन. एक टन साध्या सिमेंटमागे पाऊण टनाच्या वर कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, तेव्हा पुढचा गुणाकार वाचणाऱ्याने करावा. तीस-चाळीस टक्के सिमेंटऐवजी स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतल्या मळीची भुकटी) वापरता येतो आणि वापरावाही. पण तो सावकाश आवळतो, त्यामुळे ठोकळ्यांवर ओल्या काँक्रीटचा दाब जास्त वेळ राहतो आणि कोपऱ्यात ठोकळा फुटायची भीती वाढते. उपाय एकच: घाई करायची नाही. एका फेरीत 1.2 मीटरपेक्षा जास्त उंची भरू नये, खडी 10 ते 12 मिलिमीटरची, स्लंप (ओल्या काँक्रीटच्या पातळपणाचं माप) 13 ते 15 सेंटिमीटर, आणि व्हायब्रेटरची सुई 25 मिलिमीटरची, जाडी नको. खिडकीखालची जागा भरली की नाही ते वरून कळत नाही, म्हणून खिडकीच्या चौकटीला खालून भोक ठेवून तिथूनच भरायचं.

इथपर्यंत दोन्ही पारडी बऱ्यापैकी सारखी आहेत. जी गोष्ट मला शेवटपर्यंत खटकत राहिली ती भिंतीत नाही, भिंतीच्या माथ्यावर आहे.

टॉर्नेडोत घर बहुधा छपरापासून उलगडतं. खिडकी किंवा गॅरेजचं दार फुटतं, वारा आत घुसून छपराला खालून ढकलतो, वरून तो ओढत असतोच. छप्पर गेलं की भिंतींच्या माथ्याचा आधार गेला. काँक्रीटची भिंत तेव्हाही उभी राहील, पण घर उघड्यावर येईल, आणि आतल्या माणसांना भिंतीची ती ताकद फारशी उपयोगाची नाही. नऊ मीटर गाळ्याच्या आणि 60 सेंटिमीटर अंतराच्या कैच्या (छपराचे त्रिकोणी सांगाडे) घ्या. प्रत्येक टोकाच्या वाट्याला 2.7 चौरस मीटर छप्पर येतं, आणि 217 च्या वाऱ्यात छपराचं वजन वजा करूनही तिथे चारशेक किलोची उचल येते. तिरक्या ठोकलेल्या तीन खिळ्यांवर शंभरेक किलोच्या पुढे भरवसा ठेवता येत नाही. म्हणून कैचीला भिंतीशी बांधणाऱ्या पोलादी पट्ट्या.

आयसीएफमध्ये या पट्ट्या ओल्या काँक्रीटमध्ये रोवायच्या असतात, म्हणजे कैच्या जागेवर यायच्या कितीतरी आधी. भरताना ठोकळ्यांची ओळ एक-दोन सेंटिमीटर सरकतेच. व्हायब्रेटरच्या धक्क्याने पट्टी कलते, कधी खाली बसते. त्यात कैच्या करणाऱ्याने मोजणी पूर्वेकडून सुरू केलेली आणि गवंड्याने पश्चिमेकडून, असं झालं की विचारूच नका. कैची वर चढवली की पट्टी चार सेंटिमीटर बाजूला. मग ती हातोडीने वाकवून, पिळून वाशाला टेकवतात, आणि दहा भोकांपैकी हाताला येतील त्या तीन-चारांत खिळे जातात. कागदावर ती पट्टी तेवढ्याच ताकदीची राहते, छपरावर राहत नाही. दुरुस्ती करायची तर काँक्रीटमध्ये भोक पाडा, ब्रशने घासा, हवेने धूळ उडवा, रसायन भरा, बोल्ट बसवा, ते आवळेपर्यंत थांबा. धूळ राहिली तर बोल्ट सरळ बाहेर येतो.

यावर जाणकार सांगतात तो उपाय चांगला आहे: माथ्यावर बोल्टने लाकडी तुळई आवळा आणि कैच्या तिच्यावर पट्ट्यांनी बांधा. अगदी बरोबर. पण मग साडेबावीस घनमीटर काँक्रीट ओतून आपण पुन्हा लाकडी तुळईवरच येऊन बसलो की. शिवाय काँक्रीटमध्ये पोकळी राहिली आहे का, हे थर्माकोल कायम चिकटलेलं असल्याने डोळ्यांनी दिसतच नाही.

लाकडी घरात चुका कमी होतात असं अजिबात नाही. सुतार पट्टी विसरतो, खिळा वाशाला न लागता बाजूने निसटतो. पण तो खिळा माळ्यावर चढलं की चमकताना दिसतो, आणि संध्याकाळपर्यंत नवा ठोकता येतो. माझं पारडं इथे झुकलं. अर्थात हे सुतारकाम तपासायला कोणी हजर असेल तरच. देखरेख जमणारच नसेल, किंवा वाळवीचा जोर आणि दमट हवा असेल, तर निवड वेगळी पडू शकते. (थर्माकोलही वाळवीला रोखत नाही. जमिनीखालच्या भागात ती त्यातून बिनदिक्कत वाट काढते, हे मात्र विसरू नये.)

लाकडी घर निवडलं तर छपरापासून पायापर्यंतची जोडांची साखळी कुठेच तुटता कामा नये. कैच्यांमधलं अंतर 60 ऐवजी 40 सेंटिमीटर ठेवलं की टोकाची उचल चारशेवरून पावणेतीनशेवर येते. मूरच्या नियमातही अंतर तेवढंच आहे. बाहेरची ओएसबी (दाबून चिकटवलेल्या लाकडी चकत्यांची) फळी 11 मिलिमीटरची, आणि ती खालच्या व वरच्या दोन्ही तुळयांवर चढलेली हवी. मध्येच संपली तर साखळी तिथेच सुटते. छपराच्या फळ्यांना कंगोरेदार खिळे, काठाला 10 आणि मध्ये 15 सेंटिमीटरवर. पायातले बोल्ट 1.2 मीटरवर, आणि त्यांना गोल वॉशर नको, साडेसात सेंटिमीटरची चौकोनी पट्टी हवी, नाहीतर तुळई बोल्टभोवती चिरते. छप्पर चारही बाजूंना उतरतं असावं, त्रिकोणी भिंतीचं नको, आणि ते 60 सेंटिमीटरपेक्षा जास्त बाहेर काढू नये. गॅरेजचं दार वाऱ्यासाठी प्रमाणित घ्यावं. दाब समान करायला खिडक्या उघडून ठेवायचा जुना सल्ला चुकीचा होता, त्याच्या नादी लागू नये.

सुरक्षित खोली घराच्या सांगाड्याला बांधायची नाही. घराच्या आणि खोलीच्या भिंतींमध्ये फट ठेवायची, माथ्यावर स्वतःचा स्लॅब द्यायचा. घर ओढलं गेलं तर त्याने खोलीला ओढू नये. पाया तिच्याखाली वेगळा आणि जाड, कारण घराच्या पातळ फरशीला आवळलेली खोली फरशीसकट उचलली जाऊ शकते. जागा माणशी 0.28 चौरस मीटर हे किमान आहे, पण एरवी न्हाणीघर किंवा कोठार म्हणून वापरायची असेल तर वर दिलेलं माप सोयीचं पडतं. काँक्रीट अजून कमी करायचं असेल तर फेमाच्या (अमेरिकी आपत्ती व्यवस्थापन संस्थेच्या) आराखड्यांत लाकडी खोलीही आहे: 19 मिलिमीटर प्लायवूडचे दोन थर आणि 14 गेज जाडीचा पोलादी पत्रा. दार मात्र चौकट, बिजागऱ्या आणि कड्यांसकट एकत्र चाचणी झालेलंच हवं. साध्या पोलादी दाराला जास्तीची कडी लावून ते काम भागत नाही.

राहिलं मातीच्या कुशीतलं घर. कोरडी, उताराची जमीन असेल तर विचार जरूर करावा. पण छपरावरच्या 30 सेंटिमीटर ओल्या मातीचं वजन चौरस मीटरला साडेपाचशे ते सहाशे किलो, म्हणजे स्लॅबचं काँक्रीट पुन्हा वाढलं. उघडी राहणारी बाजू बहुधा काचेची असते, आणि गळती सुरू झाली तर ती कुठून होते हे शोधायला सगळी माती उपसावी लागते.

सौरपट्ट छपराला समांतर आणि लगटून बसवावेत, नाहीतर जमिनीवर. उभे कोन करून छपरावर ठेवलेले पट्ट वाऱ्याला शिडासारखे सापडतात. पावसाच्या पाण्याची टाकी रिकामी असली तर तीही उडते, म्हणून पट्ट्याने पायाला बांधावी.

आतले बोर्ड लावायच्या आदल्या दिवशी टॉर्च घेऊन प्रत्येक पट्टीतले खिळे मोजावेत. ज्या भोकात खिळा नाही तिथे खडूने खूण करावी, आणि सगळ्या खुणा मिटल्याशिवाय बोर्डवाल्याला आत सोडू नये.