केनियातल्या स्वाहिली उपासनेत यूव्हर्जन बायबल ॲप

२००८ पासून मोफत मिळणारं हे ॲप मिशन दौऱ्यावरच्या मराठी मंडळींनी फोनमध्ये ठेवावंच. स्वाहिली आणि मराठी आवृत्त्या शेजारीशेजारी उघडता येतात, आणि वाचन सुरू असताना तोच वचनभाग आपल्या भाषेत डोळ्यांसमोर असतो. यातला आनंद फार मोठा आहे.

अडचण येते ती जागा सापडण्यात. वाचक 'योहाना, ताटू, कुमी ना सिटा' म्हणतो, म्हणजे योहान ३:१६. 'झाबुरी' म्हणजे स्तोत्रं, 'मथायो' म्हणजे मत्तय. पण 'मटेंडो या मिटुमे' म्हणजे प्रेषितांची कृत्ये, हे ऐकून कळणं कठीण. म्हणून पुस्तकांची नावं आणि एक ते दहा आकडे आधीच पाठ करा. 'योहाना'ला पहिलं, दुसरं, तिसरं असा क्रमांक जोडलेला असला, तर ते योहानाचं शुभवर्तमान नव्हे, पत्र!

दोन्ही आवृत्त्या निघण्यापूर्वी उतरवून, फोन विमान मोडवर टाकून उघडून पाहा. ज्या उतरवून घ्यायला प्रकाशकाची परवानगी नाही, त्या आवृत्त्या इंटरनेटशिवाय चालत नाहीत.

प्रवचनाला मात्र दुभाषीच हवा. प्रभूच्या प्रार्थनेला फोन खिशात ठेवा. 'बाबा येटू' म्हणजे 'आमच्या पित्या'; ते सुरू झालं की मराठीत बिनधास्त म्हणा.