घरबसल्या डीएनए टेस्ट केली, त्याबद्दल थोडं

बाबांना चाळिशीतच डायबेटिस झाला, आजोबांनाही होता, त्यामुळे आपल्यालाही होणारच असं मी धरूनच चालले होते. एकदाचा सोक्षमोक्ष लावू म्हणून मी आणि दादाने मिळून हे किट मागवलं. वापरायला सोपं आहे, अर्धा तास आधी काही खायचं प्यायचं नाही, ट्यूबमधे खुणेपर्यंत लाळ भरायची (फेस धरायचा नाही हं), झाकण लावून हलवायची आणि पाठवून द्यायची.

रिपोर्टमधे माझी डायबेटिसची रिस्क जास्त आली, टीसीएफ७एल२ नावाच्या जीनमधे रिस्कवाला बदल आहे. दादाची नॉर्मल, हिरव्या रंगात. पण त्याच महिन्यात दोघांनी रक्त तपासलं तर माझं एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) 5.5 आणि दादाचं 6.2, म्हणजे प्रीडायबेटिस त्याला, डायबेटिसच्या उंबरठ्यावरच!! मी रोज चालते, त्याची नाईट शिफ्ट, झोप धड नाही, पोट सुटलेलं. हे सगळं त्या ट्यूबला कुठून कळणार? माझी मुख्य तक्रार हीच आहे की ते हिरवं नॉर्मल बघून दादा रक्त तपासायलाच नको म्हणत होता, मी मागे लागले म्हणून गेला.

डॉक्टरांनी नंतर नीट समजावलं. अमेरिकेत प्रीडायबेटिसवाल्या लोकांवर मोठा अभ्यास झाला होता, 2002 मधे त्याचे निकाल आले, वजन 7 टक्के कमी करायचं आणि आठवड्याला 150 मिनिटं व्यायाम, एवढ्यावर डायबेटिस होण्याचं प्रमाण 58 टक्क्यांनी घटलं, मेटफॉर्मिन गोळीने 31 टक्क्यांनी. आणि माझ्यासारखा जीन असलेल्यांनाही त्या व्यायामाचा फायदा झाला, हे ऐकून मला खरंच खूप बरं वाटलं.

अजून एक, ब्रेस्ट कॅन्सरच्या बीआरसीए जीनपुढेही हिरवी खूण आहे, पण खाली बारीक अक्षरात लिहिलंय की मोजकेच बदल तपासलेत, असे धोकादायक बदल तर हजारो माहीत आहेत. घरात कोणाला लहान वयात हा कॅन्सर झाला असेल तर प्लीज या खुणेवर विसंबू नका, जेनेटिक काउन्सेलरकडे जाऊन पूर्ण टेस्ट करा.

शेवटच्या पानावर "तुमच्या जीन्सनुसार" सप्लिमेंट्स विकायला ठेवलेत, ते मी घेतले नाहीत. 5 पैकी 2 स्टार. दादा आता माझ्यासोबत चालायला येतो, तीन महिन्यांनी परत एचबीए१सी करणार आहोत.