एनएलआर की पीएलआर? जठराच्या सुरुवातीच्या कर्करोगात कोणता आकडा धरावा

एनएलआर म्हणजे न्यूट्रोफिल भागिले लिम्फोसाइट (दोन्ही पांढऱ्या पेशींचे प्रकार), पीएलआर म्हणजे प्लेटलेट भागिले लिम्फोसाइट; दोन्ही शरीरातल्या दाहाचा अंदाज देतात. ठाण्यातल्या कुठल्याही लॅबमधल्या साध्या सीबीसीवरून, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीवरून, दोन्ही गुणोत्तरं निघतात, वेगळं रक्त द्यावं लागत नाही. न्यूट्रोफिल 70 टक्के, लिम्फोसाइट 20 टक्के असतील तर एनएलआर 3.5. पीएलआरला टक्के चालत नाहीत, आणि नेमकी इथेच चूक होते. पांढऱ्या पेशी 8,000 असतील तर लिम्फोसाइट 1,600. प्लेटलेट 3,20,000 भागिले 1,600, म्हणजे 200.

एनएलआर दाढेच्या गळूनेही फुगतो, स्टिरॉइडनेही. स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असताना काढलेला आकडा सरळ बाजूला ठेवावा.

पीएलआरच्या खोडी जास्त. पावसाळ्यात डेंग्यूने प्लेटलेट घसरल्या की तो उगाच खाली येतो. लोह कमी असेल तर प्लेटलेट वाढून तो चढतो. अर्थात जठरातून रक्त झिरपत असेल तर हा चढही इशाराच. शिवाय सीबीसीच्या जांभळ्या झाकणाच्या नळीत कधी प्लेटलेटचे पुंजके होतात आणि यंत्र कमी मोजतं. स्मिअरमध्ये (काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेल्या रक्तात) पुंजके दिसले तर निळ्या झाकणाच्या सायट्रेट नळीत पुन्हा मोजून 1.1 ने गुणायचं, कारण सायट्रेटच्या द्रवाने रक्त पातळ होतं.

एकच धरायचा तर आम्ही एनएलआर धरू. पण सुरुवातीचा कर्करोग जठराच्या आतल्या दोन थरांपुरता असतो. तेव्हा दोन्ही आकडे अगदी नॉर्मल येऊ शकतात. काळी शौच, घटतं वजन किंवा न समजणारा ॲनिमिया असेल तर भागाकार राहू द्या, एंडोस्कोपीची वेळ घ्या. निदान बायोप्सीनेच होतं.